फ्रिजवरचं चुंबक

अरे, जुना ट्रेलर घेणं म्हणजे डोक्याला शॉट आहे! सोमवारपासून सळ्या वाहायचं काम धरलेलं आणि हातात ट्रेलरच नाही. मी आणि माझा पार्टनर विन्या कांजूरला एक फ्लॅटबेड, म्हणजे बिनकठड्याचा सपाट ट्रेलर, बघायला गेलो. रंग एकदम झकास. माझं आपलं सुरू, "टोकन देऊन टाकूया ना यार!"

विन्याने खिशातून घरच्या फ्रिजवरचं चुंबक काढून चासीला लावलं. टपकन खाली पडलं. पुढे सरकून लावलं, तिथेही तेच. गंजलेल्या जागी नुसती पुट्टी भरून वर रंग मारलेला!

विकणारा शेठ म्हणतो, "तुमचं चुंबकच डुप्लिकेट आहे."

विन्याने ते शेठच्या लोखंडी खुर्चीला लावलं. घट्ट चिकटलं.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "टोकन द्यायला हात शिवशिवतायत ना तुझे? दे, या खुर्चीचं दे."