आमटी सांडली तेव्हा

भाषणं ऐकून कोणाचं भलं होत नाही, असं मी पण म्हणायचे. पण इथे आखातात, हमरियात, माझ्या जेवणाच्या डब्यांची गिऱ्हाइकं गळायला लागली, तेव्हा लेकीने मला शहराच्या कुरुम भागात एका भाषणाला ओढत नेलं. धंदा कसा सुधारायचा, वस्तू वापरायला सोपी कशी करायची, असलं काहीतरी. सगळं इंग्रजीत. लेक कानात म्हणाली, "आई, तो सांगतोय, गिऱ्हाइकाला विचारू नका, वापरताना बघा."

हे पटलं. दुसऱ्या दुपारी थेट सुरेशच्या गाडीत जाऊन बसले. हा माझा गिऱ्हाईक, गुहागरचा, कंपनीत ड्रायव्हर, गाडीतच जेवतो.

"जेव. मी बघते."

त्याने डबा मांडीवर घेतला, पण आमटीचा कप्पा उघडायचं काही नाव घेईना.

"आमटीला काय झालं?"

"काही नाही काकी, फसक्लास असते."

"मग उघड."

उघडली, ती सगळी पांढऱ्या युनिफॉर्मवर.

"रोज असंच होतं?"

"म्हणून तर बाकीचे रोटीत गुंडाळलेला शोर्मा खायला लागले."

"मेल्या, मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तुम्हाला बोलायची कोणाची टाप आहे, काकी?"

"उद्यापासून गाडीवाल्यांना सुकी भाजी, चपातीत गुंडाळून. आणि तिच्यात खोट काढली नाहीस, तर तुझा डबा खलास!"