मले की मला

नाई नाई मावशी, बसा न, पेटी सरकवली मी— पुस्तकंच हायेत तिच्यात, म्हनून जड. संपलं आता. कम्प्युटरचं इंजिनिअरिंग, नागपूरले, चार वर्षं— काल शेवटचा पेपर झाला, आज होस्टेल सोडलं. बाबा येऊन राह्यले घ्याले, अल्लीपूरवरून, गाडीवर. ह्या जामच्या स्टँडवर उतरा म्हने, आम्ही येतो तिथं. हो, 'उतरा'च म्हन्लं. बराबर पकडलं तुम्ही. पोरीले कोन म्हन्ते उतरा? माये बाबा म्हन्ते. आता म्हन्ते. पहिले नोते म्हनत.

नोकरी? नाई लागली. यंदा कंपन्याच नाई आल्या कॉलेजात, अमेरिकेत मंदी हाये म्हन्ते. तुम्ही म्हनान मंग शिकली काय— भाषा शिकली मावशी. कम्प्युटरच्या भाषा रायते, सी म्हना, जावा म्हना, एक टिंब चुकलं तं मशीन घेतच नाई. त्या आल्या मले. पन मेहनत गेली ते मराठी शिकन्यात. हसू नका, खरं सांगतो. हे 'सांगतो' आयकलं? आपल्याकडं बायाबी 'मी येतो, मी जातो'च म्हन्ते न— तं होस्टेलात मायासंगं खोलीत ज्योत्स्ना होती, पुन्याकडची, ते पोट धरून हसे. तू मुलगा आहेस का गं, म्हने. चांगली होती पोरगी, जीव लावे, पन हसे. अन् एक सर होते, इंटरव्ह्यूची तयारी घेत, ते म्हने हे मले-तुले इथंच सोडा, नाईतं कोनी उभं करनार नाई. आता इंटरव्ह्यू होते इंग्रजीत, तिथं मले का अन् मला का— पन तवा कोन विचारते. आरशापुढं उभी राहून घोकलं मी. मला, तुला, आहे, नाही, येते, जाते. बम घोकलं. मंग एक दिवस ध्यानात आलं का घोका लागतच नाई, आपोआप येते. खुश झालती मी, काऊन नाई होनार?

तं मांगच्या दिवाळीआधी घरी फोन लावला. आईनं उचलला. मी म्हन्लं, मला सुट्टी लागली आहे, उद्या येते. आई मंग कशी म्हन्ते मायासंगं— "मॅडम, छाया तं तिकडंच हाये, होस्टेलात. काही झालं का तिले?" घाबरून गेलती बिचारी. मायाच आईनं मले नाई ओळखलं मावशी. मी म्हन्लं, अगं आई, मीच आहे. हे पुन्हा 'आहे'च आलं तोंडातून, आता काय करता. तवापासून घरचे मायाशी सांभाळून बोलते. जेवता का, चहा घेता का. पहिले वाटलं गंमत करून राह्यले. गंमत नोती ते. अन् मागच्या हप्त्यात बाबांनी इचारलं, तुम्ही कवा येता. फोन ठेवला अन् रडली मी. मशीन बरं हो, चुकलं तं कोन्या ओळीत चुकलं ते सांगते तरी.

थकली मी मावशी. अभ्यासानं नाई, ह्यानंच.

आता खरं सांगू का— वळखपाळख नाई, अन् मघापासून तुमचं डोस्कं खाऊन राह्यली, ते काऊन? तुम्ही आपल्यावानी बोल्ल्या म्हनून. म्हन्लं बाबा येईपर्यंत जीभ वळवून घ्यावी. वळली न? तुमच्यासंगं तं बराबर येऊन राह्यलं. नाई का? घरी हे डिग्री-बिग्री काही दाखवाची नाई मले, नोकरीचं पाहू मंग. फक्त बाबांनी म्हनावं, चाल वं छाये, बस गाडीवर. बस, एवढंच.

थांबा— आपलीच गाडी दिसते ते. हो, बाबाच हायेत. पायलं, सदरा नवा घातला. मले घ्याले याले नवा सदरा, पाहुने आनाले आल्यावानी. जरा चूप राहा मावशी, मनात म्हनून घेऊ द्या. बाबा, मले भूक लागली. मले भूक लागली. मले भूक—

हो बाबा, इथंच आहे. नाही, फार वेळ नाही झाला. मला—