अंगणातली भेकरं

आखातातल्या हमद टाउनच्या बसथांब्यावर माझ्यापुढे दापोलीकडचे दोघे उभे होते. लेकीकडे परवाच आलेले रहिमतुल्लाचाचा, आणि इथं नोकरीला असलेला त्यांच्या गावचा बासित.

"चाचा, शिकार सुटली का आता तरी?"

"बंदूक केव्हाच जमा केली रे. माग बघायची खोड तेवढी जात नाही. यंदा भेकरं फार वाढलीत."

"रानात?"

"रानात कशाला? आपल्या मोहल्ल्यात! बंद घरांच्या अंगणात चरतात. तुझ्या चुलत्याच्या परसात तर व्याली एक."

"आणि अम्मी?"

"तिच्या पायाशी चरतात, भुंकत नाहीत. भेकर भुंकतं ते परकं माणूस आलं की."

"बरी आहे ना ती?"

"बरी आहे. भेकर भुंकलं की लगबगीनं दार उघडते. म्हणते, माझा बासित आला."

बासित वाकून बस येतेय का ते बघू लागला.

"रजा कधी टाकतोस?"

"पुढच्या ईदला, इंशाल्ला. यंदा मॅनेजर मफी म्हणतो, रजा नाहीच."

"हं."

"चाचा, दार उघडल्यावर कोण असतं?"

"मी असायचो, बाबा. मला बघून हसायची, चहा टाकायची. म्हणून रोज संध्याकाळी मुद्दाम त्या वाटेनं जायचो."

"आणि आता?"

"आता मी इथं आलोय ना."