अंगी लागेना

बाबा : पुन्हा वाजलं. टक् करून. तुला ऐकू नाही आलं?

आई : बाकाचा खिळा असेल सुटलेला.

बाबा : खिळा कसला? एवढा धिप्पाड मी बसलोय, माझ्याने नाही वाजत. आपली ठकू बसली की वाजतंय. ठकू, ऊठ गं जरा. आता बस. हे बघ! टक्. काय आहे गं तुझ्या फ्रॉकला?

आई : हळू बोला. सगळा दवाखाना ऐकेल.

बाबा : हा हळूच आवाज आहे माझा. कॅन्टीनच्या भांड्यांत बोलून बोलून झालाय असा. थांब, ही खालची दुमड एवढी जड कशी? दगड भरलेस की काय?

आई : हात लावू नका तिथे. टाका उसवेल.

बाबा : काय घातलंयस?

आई : वजनाची दोरी.

बाबा : कसली?

आई : पडद्यांची. पडदा उडू नये, सरळ पडावा म्हणून खालच्या दुमडीत घालतो ना आम्ही दुकानात, ती. आत बारीक लोखंडी मणी असतात.

बाबा : पडद्यात घालतात, कळलं. पोरीच्या फ्रॉकमध्ये कशाला?

आई : ठकू, पाय हलवू नकोस.

बाबा : अगं, बोल की.

आई : कोट काढायला लावतात. बूट काढायला लावतात. फ्रॉक कोणी काढायला लावत नाही.

बाबा : म्हणजे काट्यावर… अरे देवा. किती आहे ते?

आई : अर्धा किलो असेल. थोडं कमीच.

बाबा : डोकं फिरलंय का तुझं? डॉक्टरला फसवायचं? ही काय बाजारातली भाजी आहे, काटा मारायला?

आई : मागच्या खेपेला तुम्ही नव्हता.

बाबा : माझी दुपारची पाळी होती.

आई : तेच म्हणतेय. तुम्ही नव्हता, मी होते. आतलं दार सताड उघडं, बाहेर ह्याच बाकावर पाच-सहा बाया. आणि डॉक्टर मला विचारतात, "घरी जेवायला देता ना हिला?" जेवायला देता ना! ह्याला काय उत्तर द्यायचं माणसाने? हो, देते की, आठवड्यातून दोनदा? बाहेर आले तर सगळ्या चिडीचूप. एकीने आपल्या पोराला मांडीवर ओढून घेतलं. जसं काही मी त्याचा खाऊ पळवणार होते.

बाबा : हे तू मला सांगितलं नाहीस.

आई : सांगितलं. म्हटलं, डॉक्टर जरा बोलल्या. तुम्ही म्हणालात, बोलणारच, त्यांचं कामच आहे ते.

बाबा : …हां. म्हणालो असेन.

आई : आणि शाळेतल्या बाई. "ह्या वेळी वजन वाढलं नाही तर आम्हाला वर कळवावं लागतं हं." वर म्हणजे कुठे? कोण येणार? घरी येऊन माझी भांडी उघडून बघणार? परवापासून मी डबे घासत सुटलेय. फडताळ पुसलं, कागद बदलला. आणि खालच्या मजल्यावरच्या मावशी—

बाबा : त्या तर चांगल्या आहेत बिचाऱ्या.

आई : चांगल्याच आहेत. ठकूला जिन्यात थांबवतात, केळं सोलून हातात देतात आणि म्हणतात, "इथेच खा हं. संपवून मगच वर जा." वर जणू मी हिसकावून घ्यायला बसलेय.

बाबा : तू फार मनाला लावून घेतेस.

आई : आणि तुम्ही तुमच्या ताईंना फोनवर काय म्हणालात?

बाबा : कधी?

आई : "मी घरी असतो तर चार घास जास्त गेले असते तिच्या पोटात." मी बेसिनपाशी होते. नळ चालू होता. पण तुमचा तो हळू आवाज, नळावरूनही ऐकू आला मला.

बाबा : ते आपलं सहज बोललो गं ताईशी.

आई : सहजच बोलतात सगळे. दुधात पाव कुस्करून, वर लोण्याचा गोळा घालून मी तास तास बसते तिच्यापुढे. गोष्ट सांगते, गाणं म्हणते. खिडकीतल्या मांजराला एक घास, ठकूला एक घास. मांजर गुबगुबीत झालं.

बाबा : मग मांजरालाच आणायचं होतं वजनाला.

आई : हसू नका.

बाबा : नाही हसत. ऐक. मी तिला कॅन्टीनवर न्यायचं का बंद केलं, माहितेय?

आई : तळणाचा धूर तिला सोसत नाही म्हणून.

बाबा : ते तुला सांगितलं. तिथल्या एकाने तिला उचललं आणि सगळ्यांसमोर ओरडला, "काय आचारी, गावाला जेवू घालता आणि स्वतःची पोर काडीपैलवान? घरी चूल पेटते की नाही?" सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवसापासून नेलं नाही.

आई : मला बोलला नाहीत.

बाबा : काय बोलणार? की मला माझ्या पोरीची लाज वाटली? …बरं, ते जाऊ दे. उसव ते आधी. कात्री आहे पिशवीत?

आई : नाही. आणि असती तरी… अहो, एवढी एकच खेप. पुढच्या वेळेपर्यंत मी भरवीन तिला, काही झालं तरी भरवीन. पण आज पुन्हा ते ऐकायचं बळ नाही माझ्यात.

बाबा : आणि कळलं तर?

आई : तुम्ही गप्प बसलात तर नाही कळणार.

डॉक्टर : पुढचं कोण? या, आत या. अरे, आज बाबा पण आलेत! बूट इथे काढ बेटा. कोट त्या खुर्चीवर ठेवा. शाब्बास. आता काट्यावर उभी राहा, अजिबात हलायचं नाही. …अरे वा! वाढलंय की.

बाबा : वाढलंय?

डॉक्टर : चांगलं वाढलंय. पाच वर्षांच्या मानाने अजून कमीच आहे, पण गाडी रुळावर आली. काय जादू केलीत?

आई : काही नाही. दूध. लोणी.

डॉक्टर : चला, माझी काळजी मिटली. मी खरं तर आज रक्ताची तपासणी लिहून देणार होते. आता नको. सुई वाचली तुझी, काय गं?

आई : कसली तपासणी?

डॉक्टर : काही मुलांना कितीही भरवा, खाल्लेलं अंगीच लागत नाही. आतड्यांनाच ते घेता येत नाही. पोट फुगलेलं, हातपाय काटक्या, चिडचिड, जरा चाललं की दमतात. घरचे जीव तोडून खाऊ घालतात आणि वजन तिथल्या तिथे. त्यांचा काही दोष नसतो. मला हिच्याबद्दल ती शंका होती. पण तसं असतं तर वजन वाढलं नसतं.

बाबा : दमतात म्हणजे? जिना चढताना मधेच बसून घेते, तसं?

डॉक्टर : बसते का ही?

बाबा : मी म्हटलं, कडेवर घ्यावं म्हणून लाडात येते.

आई : डॉक्टर, समजा ते असलं आणि कळलंच नाही, तर?

डॉक्टर : तर वाढ खुंटते, हाडं कच्ची राहतात. पण आता कशाला तो विचार? सहा महिन्यांनी या.

आई : सहा महिने?

डॉक्टर : वजन वाढतंय ना, मग घाई काय? जाताना पुढच्यांना आत पाठवा.

बाबा : अगं…

आई : थांबा. डॉक्टर, फ्रॉक काढून करा.

डॉक्टर : काय करू?

आई : वजन. फ्रॉक काढून परत करा. त्याच्या दुमडीत मी…

बाबा : आम्ही. आम्ही लोखंड शिवलंय त्यात. पडद्यांना लावतात ते. आम्ही दोघांनी.

डॉक्टर : लोखंड? बघू. …हे सगळ्या घेराला आहे?

आई : हो.

डॉक्टर : तुम्हाला कळतंय का, मी हिला घरी पाठवत होते! सहा महिने कोणी बघितलं नसतं तिच्याकडे!

आई : कळतंय.

डॉक्टर : मग का केलंत हे?

आई : तुम्ही मला विचारलं होतं, घरी जेवायला देता ना म्हणून. दार उघडं होतं.

डॉक्टर : मी? कधी?

आई : मागच्या खेपेला.

डॉक्टर : मला… नाही आठवत.

आई : मला आठवतं. भांडी घासताना आठवतं. दुकानात मशीनवर बसले, पायाखाली चाक फिरायला लागलं, की तेच वाक्य फिरायला लागतं.

डॉक्टर : …तो प्रश्न मी रोज विचारते. विचारावाच लागतो, काही घरांत खरंच हाल असतात मुलांचे. पण दार लावून विचारायला हवा होता. चुकलं माझं. बाबा, ते दार लोटून घ्या जरा. ये बेटा, फ्रॉक काढूया, आई आहे ना इथेच. उभी राहा. …हं.

बाबा : किती?

डॉक्टर : फ्रॉकचं धरूनही मागच्यापेक्षा कमी.

आई : कमी? वाढलं नाही, ते मला माहीतच होतं. कमी झालं?

डॉक्टर : थोडंसं. घाबरू नका. घाबरलात तरी तिच्यासमोर नको. पोट बघू दे. …तपासणी आजच करून टाकू. काय काय खाते दिवसभरात? सगळं सांगा. ही परीक्षा नाही.

आई : सकाळी दूध-पाव. शाळेत पाव आणि लोणी. संध्याकाळी बिस्किटं. रात्री परत दूध-पाव, दुसरं काही घशाखाली उतरत नाही तिच्या.

बाबा : पाव मी स्वतः भाजतो. कॅन्टीनमधून रोज ताजा आणतो, चांगल्या गव्हाचा. तेवढेच दोन घास जास्त जातील म्हणून.

डॉक्टर : तपासण्या पुऱ्या होईपर्यंत काही बदलू नका, आहे तेच चालू ठेवा. मग आपण बोलू.

आई : आणि तुम्ही वर कळवणार का?

डॉक्टर : काय कळवू? की आई-बापांनी खरं सांगितलं? शाळेला मी सांगते, तपासणी चालू आहे म्हणून. रक्त द्यायला डावीकडच्या खोलीत जा. आणि बाबा, सुई टोचताना तिचा हात तुम्ही धरा. ह्यांना जरा बसू दे.

(दोन महिन्यांनंतर. घरचं स्वयंपाकघर.)

बाबा : ती पळी नको! ती जुनी आहे.

आई : धुतलीय हो. दोनदा.

बाबा : तरी नको. तिच्या आतड्यांना गहूच सोसत नाही, कणसुद्धा जायला नको म्हणाल्यात डॉक्टर. निळ्या दांड्याची ठकूची. बाकी सगळं आपलं.

आई : कॅन्टीनमधून आलात की हात धुता ना?

बाबा : कोपरापर्यंत. सदरा दाराबाहेर झटकतो. मावशी विचारत होत्या, एवढं काय झटकता रोज.

आई : मावशींना मी सांगितलं. केळं चालेल, बिस्किट नको. दोनदा विचारलं त्यांनी, "बिस्किट पण नाही देत तुम्ही पोरीला?"

बाबा : घ्या!

आई : जाऊ दे. आता मला उत्तर तरी माहीत आहे.

बाबा : मी मात्र मळायला बसलो की हात थांबतात माझे. रोज कागदात बांधून आणत होतो. माझ्या हातचा पाव, तोच तिच्या पोटात आग लावत होता.

आई : आणि भरवत कोण होतं? ती तोंड फिरवायची, मी गाल धरायची. एक घास आईचा, एक घास बाबांचा. तिला कळत होतं बहुतेक.

बाबा : आणि आपण म्हणायचो, नखरे.

आई : डॉक्टर म्हणाल्या, तुम्हाला कळणार कसं.

बाबा : म्हणाल्या खऱ्या. पटतं का तुला?

आई : सकाळी पटतं. संध्याकाळपर्यंत टिकत नाही. …ताईंशी बोललात?

बाबा : बोललो. म्हणाली, गव्हाने कधी कुणाला काही झालंय का, हे तुझ्या बायकोचं नवीन खूळ असेल.

आई : मग?

बाबा : म्हटलं, ठकूला कोण किती जीव लावून भरवतं ते मी बघतोय. आणि पुन्हा असं बोललीस तर फोन करू नकोस. ठेवून दिला.

आई : असं म्हणालात? खरंच?

बाबा : फार जोरात म्हणालो की काय, असं वाटतंय आता.

आई : नाही. …श्श.

बाबा : काय झालं?

आई : मागे वळू नका. ठकू आलीय.

बाबा : मग?

आई : स्टूलवर चढली. वाटी ओढली आपल्याकडे.

बाबा : कुठली, बटाट्याची? गार झाली असेल ती, थांब, मी गरम करून—

आई : तसेच उभे राहा. …खातेय.

बाबा : आपली आपण?

आई : आपली आपण. कोणी हाक मारली नाही, काही नाही.

बाबा : मला बघू दे की.

आई : नको. आपण बघतोय असं कळलं की थांबते ती.

बाबा : किती घास झाले?

आई : मोजू नका.

बाबा : तू मोजतेयस.

आई : मोजत होते. सोडलं. आता मीही बघत नाही.

बाबा : मग दोघांनी बघायचं तरी कुठे?

आई : कुठेही. माझ्याकडे बघा.