क्लिकरची हजेरी

"कोणाला खरं वाटणार नाही, बाई, पण सबंध सहामाहीत माझं एकही व्याख्यान बुडालेलं नाही."

रुमानियातल्या याश शहराच्या विद्यापीठात, कचेरीच्या खिडकीपुढच्या रांगेत, नातीचा दाखला न्यायला आलेल्या वेताआजी कान देऊन ऐकत होत्या. त्यांच्या पुढचा विद्यार्थी, तोआदेर, खिडकीत अर्धा शिरला होता. वर्गात प्रत्येकाने आपल्या हातातल्या क्लिकरचं बटण दाबून उत्तर पाठवलं की हजेरी लागे; त्या हजेरीवर आतल्या अग्लायाबाईंनी शिक्का मारला तरच त्याला परीक्षेला बसता येणार होतं.

"प्राध्यापकांची तक्रार आहे. वर्गात प्रश्न विचारला की क्लिकरवर तुझं नि तुझ्या त्या मित्राचं, चिप्रियानचं, उत्तर एकाच क्षणी येतं."

"विचार जुळतात आमचे."

"दोन्ही क्लिकर एकाच्याच हातात असले तर जुळायचेच."

"काय बोलता, बाई. पाय प्लास्टरमध्ये होता, तेव्हा पोरांनी वर्गाचं दार काढून मला त्या दारावर निजवून चौथ्या मजल्यावर नेलं. अंगात एकशेचार ताप असतानासुद्धा बटण दाबलंय. एकदा तर प्रश्न पडद्यावर यायच्या आधीच माझं उत्तर पोचलं."

"आधीच?"

"प्राध्यापकांच्या तोंडाकडे बघूनच ओळखलं मी."

"आणि दारावर निजवून?"

"ते दार अजून उलटं बसवलेलं आहे. जाऊन बघा."

अग्लायाबाईंना हसू आवरेना. त्यांनी शिक्का शाईला लावला. तोआदेरला आणखीच जोर चढला.

"हवं तर आजचंही तपासा. व्याख्यान चालूच आहे."

बाईंनी संगणकात पाहिलं. "आलंय की. दोनच मिनिटांपूर्वी. उत्तरही बरोबर आहे."

"मग? मघापासून काय सांगतोय मी?"

"अरे बाळा," मागून वेताआजी म्हणाल्या, "दोन मिनिटांपूर्वी तर तू इथे माझ्या पुढ्यात उभा होतास."