सगळ्याला हो

नाही बाई, हाका मारू नका, वळणार नाही ती. बहिरी नाहीये. धुण्याचं मशीन फिरतंय ना, त्याला गाल लावून बसलीये — ते थांबलं की किंचाळेल, मग बघा बहिरी आहे का ते. कॉफी घ्या. साखर घातलीये, आमच्याकडं विचारत नाहीत. आणि तो फॉर्म ठेवा बाजूला, मला पाठ आहे तो.

खरंच पाठ आहे. बोटानं वस्तू दाखवते का — हो. दुसऱ्या पोरांकडं बघते का — हो. तुम्ही हसलात तर हसते का — हो. दोन-तीन ठिकाणी तेवढं 'नाही' म्हणायचं, तिथं मुद्दाम उलटं विचारलेलं असतं. आमची नायेली दीड वर्षाची असताना दवाखान्यात पास, दोनची झाली तेव्हाही पास. डॉक्टरनं शाबासकी दिली — तिला नाही, मला. आता साडेतीनची आहे. खोटं कशाला म्हणता? परीक्षा होती ना ती? मी मेक्सिकोत, मिचोआकानला, चौथीपर्यंत शिकलेय. परीक्षेत बरोबर उत्तर लिहायचं असतं, खरं कोण विचारतं!

आणि इथं फ्रेस्नोत सगळ्यांना माहितीये, उत्तर चुकलं की सरकारी बाई येते आणि पोर घेऊन जाते. तुम्ही आलात तेव्हा मी आधी तुमच्या गाडीत डोकावले, मागं लहान पोराची सीट आहे का बघायला. नव्हती, म्हणून दार उघडलं. तर उत्तरांचा कागद होता एक. वस्तीतल्या बायका द्राक्षांच्या पॅकिंगला जाता जाता फोनवर त्याचा फोटो काढून न्यायच्या. कुणी केला म्हणजे — केला असेल कुणीतरी. फ्रिजवर लावलेला होता. कुणाच्या फ्रिजवर? हा बघा, डिंकाचा डाग अजून आहे. माझ्या. अकरा पोरं पास केली मी.

हां, म्हणा की तो शब्द. ऑटिझम. दवाखान्यात भिंतीवर वाचलाय मी, चित्राखाली. चित्रातलं पोर गोरं होतं. म्हटलं, गोऱ्यांचं काहीतरी असेल. मग माझ्या कोमाद्रेनं — नायेलीची धर्ममाता, दुसरं कोण — चर्चची किल्ली आणली. पोर बोलत नसेल तर तोंडात किल्ली फिरवायची, कुलूप उघडतात तशी. नायेलीनं ती दातात धरली ती सोडेचना. फादर पायरीवर ताटकळत बसले. माझी मुलगी ब्रिसेदा, हिची आई, ती म्हणते, "आई, काही नाही गं, भाऊही उशिराच बोलला ना?" मीच सांगितलेलं तिला तसं. भाऊ अजून बोलत नाही फारसा. ट्रक चालवतो. सगळे शर्ट एकाच रंगाचे, दुसरा दिला तर उंबऱ्यावरच उभा राहतो. तीस वर्षांचा आहे — त्याचं नका लिहू. त्याच्या वेळी कुणी फॉर्मही दिला नाही. त्याला मी चपलेनं मारायचे.

कॉफी गार होतेय.

तुम्हाला शाळेनं नाही बोलावलं. ब्रिसेदाला तसं वाटतंय, वाटू दे. मी फोन केला. गेल्या मंगळवारी ही कालव्याच्या अगदी कडेनं चालत निघाली, पाण्याकडं बघत. मी कुंपणापाशी होते, हाक मारली. परत मारली. सगळी वस्ती बाहेर आली माझ्या आवाजानं, कुत्री थांबली, ही नाही. आणि त्या फॉर्मवर काय लिहिलंय — नावानं हाक मारली की वळते का? हो. माझ्या हातची खूण, पेन दाबून केलेली. पळाले, वेणीला धरून मागं ओढली. ती वेणीसाठी रडली, पाण्यासाठी नाही.

तर लिहा आता. वळते का — नाही. बोटानं दाखवते का — नाही, माझं मनगट धरून फ्रिजवर आपटते. डोळ्याला डोळा — नाही. दुसरी पोरं — तिच्यासाठी ती खुर्च्याच. काय म्हणता, दीड वर्षाची असताना कळलं असतं तर — ते मला ठाऊक आहे. ते नका सांगू. तिला शिकवायला कधीपासून येणार तेवढं सांगा. सोमवारी? सोमवारी सकाळी या, मशीन लावून ठेवणार नाही.

झालं? मग उठा. इथून सात नंबरला जा, अल्मा राहते. तिची मुलगी दोनची आहे, दिवसभर भिंतीला पाठ घासत फिरते. अल्मा कॉफी देईल, सगळ्याला हो सांगेल, घडाघडा, एकाही ठिकाणी चुकणार नाही. काही लिहून घेऊ नका. पोरीकडं बघा. नाही, मी नाही येत. मी आले तर माझ्या तोंडाकडं बघून उत्तरं देईल ती. निघा.