खटका पडला तं पडू दे

हॅलो?

पितळी ताटात अनारसे, वर दुसरं ताट उपडं.

भिंतीवर डबा. डब्यात चार हिरवे दिवे.

निळ्या पट्ट्यांच्या चपला, कॅरीबॅगमध्ये, वर गाठ मारलेली.

सिंगापूर.

विहिरीवरची मोटर. चालू असली की ऐकूच येत नाही, बंद पडली की कानात बसते.

हॅलो? … हॅलो, उर्वशी?

सौंसरच्या अलीकडे, सडकेपासून बरंच आत, संत्र्याच्या बगीच्यात ते घर होतं. देवकाबाई स्वयंपाकघरात उभ्या होत्या आणि फोन कानाला इतका दाबून धरला होता, की पोरगी जणू त्या कानातूनच घरात येणार होती.

— येते का आवाज? … मले येते. थोडा थोडा येते. … हो, जेवली. … खरंच जेवली, तुझी शपथ. … बरं, नाही घेत शपथ.

— ऊन विचारूच नको माय. झाडालेबी सावली पाहिजे असं ऊन आहे. … आंबिया बहार? लिंबाएवढी झाली फळं, पण गळून राहिली. पाणी द्या लागते, अन् लाइन कधी येते कधी जाते. … मीच चालू करते मोटर. आणखी कोण करन? तुझे बाबा फोटोतून उतरून येतीन?

— हसली. … हसली ना व तू? ऐकलं मी.

पुंडलिकराव भिंतीवर होते, डब्याच्या शेजारी. डबा जावयांनी लावून दिला होता. मंगेशरावांचा पांढुर्ण्यात घरोघरी इंटरनेट जोडून द्यायचा धंदा. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांनी सासूला साडी नाही आणली, वायफाय आणलं. गावभर कौतुक झालं होतं. पुढे उर्वशी त्यांचं घर सोडून निघाली. ती कुठं राहते हे तिनं आईलासुद्धा सांगितलं नाही. सांगितलं तर ते आईच्या पोटात राहणार नाही, म्हणाली. डबा मात्र भिंतीवर तसाच राहिला. तो काढायचा असतो हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मोबाईलला त्या घरात दुसरं काही धरतही नव्हतं.

— धोंड्याचा महिना लागला ना. … अगं ऐक ना… ऐक तं खरं. तीन वर्षांतून एकदा येते. जवाई दारात आला, तं त्याले रिकामं ताट दाखवू का मी? … मी नाही बोलावलं. ते स्वतःहून आले. … मंगेशराव. दुसरा कोणता जवाई आहे मले? … सकाळी. सकाळीच आले, अन्… अन् गेले.

गेले नव्हते. ओसरीवर कूलरसमोर बसले होते.

— बारीक झाले व ते. दाढी वाढवली. … मी फक्त सांगून राहिली. … तुझ्या चपला घेऊन आले. निळ्या पट्ट्यांच्या, आपण पांढुर्ण्याच्या बाजारातून… हो, त्याच. म्हणे उर्वशी घाईत विसरून गेली, तिले लागतीन. डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. … उर्वशी? … बोल ना. … हॅलो? … उर्व…

कट.

देवकाबाईंनी फोन खाली घेतला नाही. कटलेला फोन लगेच खाली घेतला की घर एकदम मोठं होतं, हे त्यांना इतक्या दिवसांत माहीत झालं होतं.

— अं? … हो, मंगेशराव, कटला. … करन ती पुन्हा. तुम्ही घ्या ना आणखी एक अनारसा. बाजारचे आहेत, पण ताजे आहेत.

हॅलो?

— काहून कट केला? … तू नाही केला? मग आपोआप… हो, सांगितलं होतं तू. परत सांग. … तुझा फोन पहिले सिंगापूरले जाते, मग माझ्याकडं. … आज सिंगापूर नाही? हॉलंड? बापा! मी नागपूरच्या पुढं नाही गेली, अन् पोरगी हप्त्यात दुनिया फिरून राहिली. … बरं, तू नाही फिरत. फोन फिरते. … बोगद्यातून. व्हीपीएन का काय ते.

— म्हणजे कोणी डब्यात पाहिलं तं हॉलंड दिसते. तुझं गाव नाही दिसत. … अन् बोगदा मधातच फुटला तं? … तं तुझ्या फोनातलं सगळं नेटच बंद. एक शब्द बाहेर नाही. … अन् फुटल्यावरबी नेट चालू राहिलं असतं तं? … तं आपलं बोलणं उघड्या सडकेनं आलं असतं. गाव दिसलं असतं. … समजलं. … समजलं म्हटलं ना!

समजलं होतं ते एवढंच, की दुपारभर वाट पाहायची, चार वाक्यं व्हायची, आणि पाचव्या वाक्याला पोरीला हॉलंडनं गिळून टाकायचं.

— उर्वशी… ते बटन आहे ना, खीळ स्वीच का काय… किल? किल म्हणजे मारणं ना? मी तं खीळ समजली, बंडीच्या चाकाची. … कोणाकडून म्हणजे? असंच ऐकलं. … ते बंद करता येते म्हणे. सेटिंगमध्ये असते. मग फोन कटत नाही. … आजच्या दिवस. दहाच मिनिटं. … अगं, मी कोणाले काय सांगू? तू फोन करते हे कोणालेच नाही सांगितलं. फोन कटते, एवढंच सांगितलं.

— … शांताबाईले. शेजारच्या.

शांताबाईंना नव्हे. ओसरीवर, ताट वाढताना. मंगेशरावांनी घास तोंडाशी धरून ऐकलं होतं आणि मग अगदी साध्या आवाजात म्हटलं होतं, की आई, तिला ते किल स्विच बंद करायला सांगा, आवाज साफ येईल. 'आई' म्हणाले होते. त्या घरात तो शब्द समोरासमोर उच्चारणारं माणूस बरेच दिवसांत आलं नव्हतं.

— मी एकटी आहे व. … दिवसभर मोटरसंग बोलते. … रडून नाही राहिली, कांदा चिरून राहिली. … बरं, नाही चिरून राहिली कांदा. पण एकदा तं पूर्ण बोल माझ्यासंग! तुझी एकबी गोष्ट मी पुरी नाही ऐकली. तुझ्या ऑफिसातली ती बाई, तिचं मांजर गच्चीवर जाऊन बसलं होतं, मग काय झालं? अर्धंच राहिलं. तुझ्या खोलीले खिडकी आहे का नाही, तेबी विचारलं अन् कटलं. मी इथं बसून बसून तुझ्या खोलीले कधी खिडकी लावते, कधी काढते…

— … हो? … करते? … खरंच? … कर माय, कर. दोनच मिनिटं, मग लाव परत. पाहाय, सेटिंगमध्ये असन…

विहिरीकडून खट्ट झालं आणि मोटर थांबली.

एक फेज गेला होता. तीन तारांतली एक मेली की स्टार्टरचा खटका आपोआप पडतो. नाहीतर मोटर उरलेल्या दोन तारांवर कण्हत राहते आणि आतल्या आत जळते. पुंडलिकराव होते तेव्हाची गोष्ट. घडी घडी खटका पडते, काय कटकट आहे, म्हणून एका मेकॅनिकनं स्टार्टर बाजूला सारून तार डायरेक्ट जोडून दिली होती. मोटर बंद पडायची थांबली. सगळे खूश झाले. आठवडा उलटायच्या आत विहिरीवर जळक्या वार्निशचा वास सुटला होता.

मोटर बंद पडली की या भागात माणसाची मान विहिरीकडे वळते. पाहुण्याची वळते, झोपलेल्याचीही वळते. देवकाबाईंनी दारातून ओसरीकडे पाहिलं. मंगेशरावांची मान वळली नव्हती. मोबाईल दोन्ही हातांत, अनारसा ताटात तसाच, चहावर साय आलेली. नजर पडद्यावर. डोळ्यांत पाणी नव्हतं. पाण्याला यायला जागाच नव्हती, इतके ते डोळे वाट पाहण्यात गुंतले होते.

देवकाबाईंनी आवाज खाली आणला.

— थांब. … उर्वशी, थांब, नको करू. … बंद केलं का? … नाही ना? … बोट काढ तिथून. पहिले बोट काढ. … अगं ऐक ना, तो इथंच आहे. … ओसरीवर. नाही गेला, मी खोटं बोलली. … शांताबाई नाही, त्यानंच सांगितलं बटनाचं. मोबाईल घेऊन बसला आहे सकाळपासून. जेवतानाबी तेच. मले वाटलं, धंद्याचं काही असन. … डब्यात तुझा फोन कुठून येते, तेच पाहून राहिला तो.

— … हो, 'तो' म्हटलं. ऐकलं ना? तेच म्हटलं.

— रागव. किती रागवायचं तेवढं रागव, पण नंतर. आता एवढंच सांग, बटन चालू आहे ना? … पक्कं? … मग सरळ स्टार्टर आहे म्हणायचं ना व! हॉलंड अन् सिंगापूर कशाले सांगत बसली एवढं? … डायरेक्ट नको करू. कधीच नको करू. मी म्हटलं तरी नको करू. मी रडली तं मुळीच नको करू. … खटका पडला तं पडू दे. फोन कटला का मी समजीन, माही पोरगी झाकलेली आहे.

— … आता तू नको रडू. आपल्या दोघीत एकीनंच रडायचं. पाळी लावून घेऊ.

— डबा? … काढते. तो गेला का काढते. … त्याले उठ म्हणता येत नाही, त्याच्यासमोर डबा कसा काढू? … मग विहिरीपाशी येऊन बसीन. तिथं टावर धरते म्हणते गडीमाणसं. … ऊन आहे तं आहे. छत्री आहे.

ओसरीवर खुर्ची करकरली. देवकाबाईंनी दाराकडे पाठ केली.

— एक विचारू? … चपलांचं. … विसरते का व कोणी चपला? पर्स विसरन, छत्री विसरन. चपला नाही विसरत. बाहेर पाय ठेवला का आठवतेच. … मी सकाळपासून ती पिशवी पाहून राहिली, पण मले हे आताच… उर्वशी, तू निघाली त्या दिवशी पायात काय होतं तुझ्या? … काय? … ऐकू नाही आलं. परत बोल… पायात काय व…

कट.

फोनचा पडदा काळा झाला. त्यात देवकाबाईंना आपलाच गाल दिसला. पाठीमागे ओसरीवर मंगेशनं मान वर केली होती, हे त्यांना न वळता कळलं.

त्यांनी फोन परत कानाला लावला. घसा साफ केला. आणि ओसरीपर्यंतच काय, विहिरीपर्यंत जाईल अशा आवाजात बोलायला लागल्या.

— आत्ता आला पाहाय आवाज साफ! केलं ना बंद ते बटन? चांगलं केलं. आता नाही कटत. बाजूला बसून बोलल्यासारखं ऐकू येऊन राहिलं.

मंगेशची मान खाली गेली. बोट पडद्यावर खालीवर होऊ लागलं.

— आता सगळं सांग. घाई नको करू, माझ्याकडं लय वेळ आहे. त्या मांजराचं काय झालं? उतरवलं गच्चीवरून? कोणी, त्या बाईनं? साडी नेसून चढली का वर? बापा, काय बाई आहे! अन् खाली सगळं ऑफिस पाहून राहिलं असन. मी असती तं मीबी पाहिलं असतं.

पडद्यावर काही येत नव्हतं. मंगेशनं उठून आत येऊन भिंतीवरच्या डब्याकडे पाहिलं. चारही दिवे हिरवे होते. तो परत जाऊन बसला.

— अन् खिडकी? आहे ना? मोठी आहे? मले वाटलंच होतं. काय दिसते त्यातून? झाड आहे? कशाचं? असू दे, संत्र्याचं नसलं तरी झाड आहे ना. भाजी काय केली आज? वांगं तू कधीपासून खायला लागली? इथं होती तं ताटातून उचलून बाबाच्या ताटात टाकत होती. हो. हो. मी ऐकून राहिली, तू बोल. नाही, कोणी नाही मधात. तू बोल.

लाइन आली. विहिरीवर जाऊन स्टार्टर दाबायला हवा होता. झाडं वाट पाहत होती. देवकाबाई उभ्याच राहिल्या, फोन कानाला, मधूनमधून हसत, उत्तर ऐकायला पुरेल एवढंच थांबत. इतकं लांब बोलणं त्या घरात कितीतरी दिवसांनी होत होतं, आणि एकदाही कटलं नाही.

मागच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीच्या, त्या दगडफेकीच्या जत्रेच्या गर्दीतून वाट काढत उर्वशी पांढुर्ण्याच्या स्टेशनवर आली आणि गाडीत चढली, तेव्हा ती अनवाणी होती.